माळ्यावरचा जुना रॉड आणि रील: ओळखायचं कसं, वापरायचं कसं

गोव्यात कितीतरी घरांत माळ्यावर नाहीतर दाराच्या मागच्या कोपऱ्यात मासे धरायचा एक तरी जुना रॉड पडून असतो. कोणाचे आजोबा बोटीवर होते, कोणाचे काका कुवेतला, कोणाचे मामा बहारीनला, सुट्टीवर येताना ट्रंकेतून रॉड आणि त्यावरचं दोरी गुंडाळायचं यंत्र, म्हणजे रील, घेऊन यायचे, काही वर्षं नदीवर गरवायचे (गळाने मासे धरायचे), मग वय झालं, गुडघे धरले आणि सामान वर गेलं. आता तेच पुतण्याच्या नाहीतर नातीच्या हातात येतं आणि पहिला प्रश्न हाच पडतो की हे अजून चालेल का, आणि चाललं तर नेमकं कशासाठी. ज्यांनी आजवर फक्त हातात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) धरून गरवलंय किंवा तेसुद्धा केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: रॉडवर संशय घ्या, रीलला वेळ द्या आणि तंगूस फेकून द्या. लोक नेमकं उलटं करतात. रॉड दिसायला धड आहे म्हणून तसाच घेऊन जातात आणि पहिल्या मोठ्या माशाला तो तुटतो, रील फिरत नाही म्हणून भंगारात देतात, खरं तर आतलं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं एवढंच, आणि वीस वर्षांचा तंगूस मात्र 'फॉरेनचा आहे' म्हणून जपून ठेवतात.

सगळ्यात आधी: घासू नका, विचारा

सामान हातात आलं की पॉलिश पेपर, ब्रासो, रंगाचा डबा असलं काही जवळ आणू नका. रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं तीच त्याची खरी माहिती, आणि ती एकदा घासली गेली की गेली. ओल्या फडक्याने धूळ पुसा, उजेडात धरा, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा, अक्षरं पुसट असतील तर टॉर्च बाजूने तिरका मारला की उमटतात.

आणि ज्यांचं सामान आहे ते हयात असतील तर त्यांच्यापाशी बसून विचारा की काका, हा तुम्ही कुठे वापरायचात, होडीतून की काठावरून, शिसं (दोरीला बांधायचं वजन) केवढं लावायचात, मासा कुठला मिळायचा. "तांबोशीसाठी होता, शिसं मोठं, होडीतून" एवढं एक वाक्य मिळालं तरी निम्मी ओळख झाली, शिवाय त्यांना बरं वाटतं ते वेगळंच.

रॉड कशाचा आहे

हातात येणारे जुने रॉड साधारण चार प्रकारचे असतात. पहिला बांबूचा, पण आपण कुंपणातून तोडतो तसला अख्खा बांबू नाही तर बांबूच्या सहा पट्ट्या कापून चिकटवलेला, म्हणजे आडवा छेद षट्कोनी दिसतो आणि बोटांना सहा कडा लागतात. असा मिळाला तर नशीबवान आहात, पण तो हौसेने जपायचा, खाडीवर रोज न्यायचा नाही. आपल्याकडच्या दमट हवेत त्याचा जुना गोंद सुटतो आणि पट्ट्या उकलतात.

दुसरा भरीव फायबरग्लासचा. जड, आखूड, बहुतेक पाच-सहा फुटी, टोकसुद्धा जाड, कसाही वाकवा, तुटायचं नाव नाही. होडीतून खाली शिसं सोडून गरवायचं असेल तर आजही याच्याइतका बिनधास्त रॉड नाही, नवशिक्याने तर यावरच शिकावं असं माझं मत आहे. काठावरून लांब फेकायला मात्र अजिबात उपयोग नाही, हात दुखून येतो.

तिसरा पोकळ फायबरग्लासचा. हे रॉड दुसऱ्या महायुद्धानंतर आले आणि १९५० ते १९८० च्या काळातला रॉड असेल तर बहुधा हाच असतो, तपकिरी, पिवळट किंवा पांढरा. सांध्यापाशी दोन तुकडे वेगळे करून आत बघा, नळी पोकळ दिसते. वाकवल्यावर अगदी मुठीपर्यंत हळूहळू वाकतो, आजच्या रॉडसारखा नुसता टोकाला नाही. काहींना हे मऊ वाटतं, पण मासा उसळला की हाच मऊपणा झटका खाऊन टाकतो आणि गरी (गळ) सुटत नाही.

चौथा कार्बनचा, म्हणजे ग्रॅफाइट. काळा किंवा करडा, बारीक, हलका, ताठ. हे १९७० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे कोणी सांगितलं की हा कार्बनचा रॉड पोर्तुगिजांच्या काळातला आहे तर ते शक्य नाही. कार्बनमधून वीज वाहते हे लक्षात ठेवा, ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे खाडीवरून, पुलाच्या बाजूने विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट सुरू होतो, तेव्हा तारेखाली कुठलाच रॉड उभा करायचा नाही आणि ढग वाजला की रॉड आडवा ठेवून आडोशाला जायचं, मासा लागलेला असला तरी.

रॉडवरचे आकडे

अमेरिकन किंवा त्या पद्धतीच्या रॉडवर लांबी फूट-इंचात, लाईन (म्हणजे तंगूस) पाउंडात आणि फेकायचं वजन औंसात असतं. एक पाउंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. म्हणजे 'लाईन ८ ते १५ पाउंड, वजन पाव ते पाऊण औंस' असं असलं तर साडेतीन ते पावणेसात किलो ताण सोसणारा तंगूस आणि ७ ते २१ ग्रॅमचं शिसं. त्याला पन्नास ग्रॅमचं शिसं बांधून जोरात फेकलं तर टोक हातात येईल.

जपानी रॉडवर, खास करून लांब घडीच्या टेलिस्कोपिक रॉडवर, नुसताच एक आकडा आणि बाजूला जपानी अक्षर असतं. तो 'गो'. शिशाच्या बाबतीत १ गो म्हणजे ३.७५ ग्रॅम, म्हणजे २५ गो लिहिलेला रॉड साधारण ९४ ग्रॅम फेकतो, ३० गोचा ११२ ग्रॅम. घोळ असा की तंगुसाच्या जाडीलाही गो हेच माप वापरतात आणि त्याचा या ग्रॅमशी काही संबंध नाही, त्यामुळे रॉडवरचा आकडा आणि तंगुसाच्या रिळावरचा आकडा एकमेकांना लावत बसू नका.

इंग्लिश रॉडवर टेस्ट कर्व्ह असतो, दीड पाउंड, दोन पाउंड असा. मूठ पक्की धरून टोकाला वजन लावलं आणि टोक मुठीशी काटकोनात आलं की जे वजन भरतं तो टेस्ट कर्व्ह. यावरून अंदाज काढायची जुनी रीत आहे: पाचने गुणलं की तंगुसाची ताकद आणि सोळाने भागलं की फेकायचं वजन.

ही रीत काहीच लिहिलेलं नसेल तेव्हा फार कामाला येते. रॉड दोघांनी मिळून धरा, टोकाच्या कडीतून दोरी ओवून रिकामी प्लॅस्टिकची बाटली टांगा आणि हळूहळू पाणी भरा, एक लिटर म्हणजे एक किलो. टोक काटकोनात आलं तेव्हा बाटलीत ७०० मिली पाणी असेल तर फेकायचं वजन साधारण ४४ ग्रॅम आणि तंगूस साडेतीन किलोचा. जुना रॉड असल्यामुळे मी यातही निम्म्यापासून सुरुवात करायला सांगेन, २० ग्रॅमने फेकून बघा, मग वाढवा. मध्येच कट् असा आवाज आला तर लगेच थांबा. बांबूच्या रॉडवर हा प्रयोग करायचाच नाही.

रॉडची तपासणी

इथे घाई करू नका. मुठीपासून टोकापर्यंत नखाने चाचपत जा, नख अडकलं तिथे थांबून नीट बघा. फायबरग्लासवर पांढरट रेषा किंवा डाग दिसला तर आतले धागे सुटायला लागलेत, हलक्या कामाला चालेल, जड कामाला नाही. कार्बनवर एखादी टोचल्यासारखी खूण असली, कुठेतरी दगडावर आपटून पडलेली, तर तो रॉड तिथेच तुटणार, आज नाही तर पुढच्या खेपेला. बारीक खूण म्हणून सोडून देऊ नका.

मग कड्या. जिच्यातून तंगूस जातो त्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा नाहीतर जुना नायलॉनचा मोजा ओढून काढा. धागा अडकला की समजायचं तिथे चर पडलीय किंवा आतलं चिनी मातीचं कडं तडकलंय, आणि अशी कडी नवा तंगूस एका दिवसात कापून काढते. सगळ्यात जास्त झिजते ती टोकाची कडी. ती बदलणं सोपं आहे: लायटरची आच कडीच्या नळीला लांबून, काही सेकंद द्यायची, जुना गोंद मऊ झाला की पक्कडीने सरळ ओढून घ्यायची, नवी कडी त्याच मापाची घेऊन गरम गोंदाने बसवायची आणि गोंद सुकण्याआधी एका डोळ्याने बघून बाकीच्या कड्यांच्या रेषेत आणायची. आच रॉडला लागता कामा नये. मधल्या कड्या दोऱ्याने बांधलेल्या असतात, त्यांचा दोरा सुटला असेल तर पुन्हा गुंडाळून वरून इपॉक्सी लावता येतं, नवशिक्यालाही जमतं पण वेळ हवा.

सांधा अडकलेला असतो, हे तर ठरलेलंच. पितळेचा सांधा असेल तर मिठाने धरलेला असतो. पिळायचं नाही, कड्या धरून तर मुळीच नाही, कड्या मोडतात. सांध्यावर दोन थेंब रॉकेल नाहीतर गंज सोडवायचं तेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी आतल्या तुकड्यावर बर्फ धरा म्हणजे तो जरा आकसतो, आणि मग दोन माणसांनी दोन बाजूंनी सरळ रेषेत ओढा. सुटला की आतलं हिरवं साफ करा. फायबरचाच सांधा असेल तर पुढच्या वेळी जोडताना त्यावर मेणबत्ती जरा घासा, घट्टही बसतो आणि सुटतोही.

रील कुठल्या जातीचं

रील उघडायच्या आधी ते रॉडच्या वर बसतं की खाली, हे ओळखा.

खाली लटकतं, पुढे स्पूल (तंगूस गुंडाळायची फिरकी) आणि त्यावर तारेची कमान असते, ते स्पिनिंग रील. नवशिक्याला हेच बरं. त्याचा रॉड म्हणजे पहिली कडी मोठी आणि पुढे लहान लहान होत गेलेली, कड्या सगळ्या खालच्या बाजूला. वर बसतं आणि आडवं स्पूल स्वतः फिरतं, ते मल्टिप्लायर किंवा बेटकास्टर, त्याच्या रॉडच्या कड्या वर असतात आणि मुठीला बहुतेक वेळा बोट अडकवायला चाप असतो. हे फेकताना स्पूलवर अंगठा ठेवून आवरावं लागतं, नाहीतर तंगुसाचा असा गुंता होतो की कापूनच काढावा लागतो, म्हणून पहिले काही महिने हे होडीतून खाली सोडायला वापरा, फेकायला नको. तिसरं, बंद डबीचं, मागे बटण असलेलं स्पिनकास्ट, लहान मुलांना शिकवायला छान. चौथं फ्लाय रील, मुठीच्या अगदी शेवटी बसतं, त्याचा रॉड लांब आणि लवचिक असतो. त्याला शिसं बांधून फेकायला जाऊ नका, तो त्यासाठी केलेलाच नाही.

आता नावं. आपल्याकडे बोटीवरच्या आणि गल्फवाल्या लोकांच्या सामानात काय काय निघू शकतं ते सांगतो. मिशेल: फ्रान्समधल्या क्लूझ गावातलं, घड्याळाचे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं रील, १९४८ पासून बाजारात. काळं, बाजूने अंडाकृती, ३०० नंबरचं सगळ्यात जास्त दिसतं. ३०० ला हँडल डाव्या बाजूला आणि ३०१ ला उजव्या, ते अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे हँडल 'चुकीच्या बाजूला' आहे म्हणून कोणी उपटायला जाऊ नका. पेन: अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची कंपनी, १९३२ ची, हिची मोठी मल्टिप्लायर रील्स होडीच्या कामाची आणि मॉडेलचं नाव किंवा नंबर रीलवरच असतो. आबू: स्वीडनची, तिचं अँबॅसडर ५००० हे लाल मल्टिप्लायर १९५२ मध्ये आलं. साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आबूच्या रीलच्या पायाखाली सहा आकडे कोरलेले असतात, पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, शेवटचे दोन आवृत्तीचे, म्हणजे ७६०३०१ असेल तर ती आवृत्ती मार्च १९७६ ची. शिमानो १९२१ पासून आहे पण सायकलच्या भागांसाठी, मासेमारीत ती १९७० मध्ये उतरली, म्हणजे शिमानोचं रील त्याआधीचं नसणार. झेब्कोचं बंद डबीचं पहिलं रील १९४९ चं आणि ती कंपनी त्याआधी तेलविहिरींसाठी बॉम्ब बनवायची. 'मेड इन वेस्ट जर्मनी' असं असलं तर १९४९ ते १९९० मधलं, कारण त्याच काळात तो देश त्या नावाने होता.

नाव सापडलं नाही तरी बिघडत नाही. रीलच्या पायाखाली, स्पूलच्या आत आणि हँडलच्या टोपीखाली बघा, नंबर बहुतेक यांपैकी कुठेतरी असतो आणि नंबर मिळाला की आतल्या भागांचं चित्र नेटवर शोधता येतं.

रील उघडायचं कसं

या कामाला पावसाळा उत्तम. १ जून ते ३१ जुलै मशीनच्या होड्या बंद असतात, समुद्र खवळलेला असतो, खडकांवर जायचंच नसतं, तर घरात बसून हे काम करा. पंखा बंद करा म्हणजे स्प्रिंग उडणार नाही. खाली पांढरं फडकं अंथरा आणि इडलीपात्राची एक ताटली घ्या: पहिला स्क्रू पहिल्या खळग्यात, दुसरा भाग दुसऱ्यात, आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो. जोडताना उलट क्रमाने यायचं.

स्क्रूड्रायव्हर खाचेत गच्च बसणारा हवा, ढिला लावलात तर खाच फिरते आणि मग तो स्क्रू निघतच नाही. अडला तर तेलाचा थेंब टाकून उद्या बघा. स्पिनिंग रीलच्या पुढच्या फिरत्या भागाचा नट काही रीलवर उलट्या आट्यांचा असतो, हँडलचंही तसंच, त्यामुळे जोर लावायच्या आधी चित्र बघा नाहीतर दोन्ही बाजूंना हलकेच करून बघा.

आत काय दिसतं? पिवळं नाहीतर काळपट चिकट काहीतरी. तेच जुनं ग्रीस, त्यामुळेच हँडल फिरत नाही. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून धातूचे भाग साफ करा, पण प्लॅस्टिकच्या आणि बेकेलाइटच्या (जुन्या काळचं कडक प्लॅस्टिक) भागांना रॉकेल नको, त्यांना साबणाचं पाणी. बेकेलाइटच्या बाजूच्या तबकड्या हातातून पडल्या तर तडकतात, सांभाळून. रंगावरून बिघाड कळतो: हिरवी पूड म्हणजे पितळ खाल्लंय, बरं होतं, पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लंय, घासून बघा, खड्डे खोल असतील तर पुढे तुटेल, तांबडा गंज लोखंडाच्या स्प्रिंगला किंवा बेअरिंगला, ते भाग बदलायचे. दातेरी चाकांचे दाते सगळे नीट असतील तर रील जिवंत आहे.

मग दात्यांना मरीन ग्रीस, पातळ थर, थापून नाही. बेअरिंग, हँडलची मूठ आणि तंगूस जिथून वळतो ती बारीक चकती, यांना शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो, पण ते काही महिन्यांत चिकट होतं आणि पुन्हा तीच कथा. गंज सोडवायच्या स्प्रेवरही भागवू नका, तो अडकलेलं सोडवतो पण वंगण म्हणून टिकत नाही.

ड्रॅग हा रीलचा जीव, मासा जोरात पळाला की तंगूस तुटायच्या आत स्पूल सरकू देणारी ती यंत्रणा. जुन्या रीलमध्ये त्याच्या चकत्या चामड्याच्या किंवा फेल्टच्या असतात आणि वर्षानुवर्षं आवळून ठेवल्यामुळे चिकटून बसलेल्या असतात. अलगद सोडवा, पुसा, खूपच कडक झाल्या असतील तर तशाच मापाच्या नव्या फेल्टमधून कापून घेता येतात. चामडं कोरडं असेल तर थेंबभर तेल. बसवल्यावर तंगुसाला ताणकाटा लावून ओढा: तंगूस साडेचार किलोचा असेल तर साधारण सव्वा ते दीड किलोला स्पूल सरकायला हवं, आणि झटके न देता सलग. झटके देत सरकत असेल तर चकत्या पुन्हा बघा, मोठा मासा त्या झटक्यालाच तोडून जातो.

हँडल मागे जरासं हलतं म्हणून घाबरू नका, जुन्या रील्सना तेवढी मोकळीक असतेच.

तंगूस: काहीही झालं तरी नवा

शापोऱ्याच्या जेटीवर गरवणाऱ्या एका जाणत्या माणसाचं ऐकून ठेवलंय, नवीन मुलगा रील दाखवायला आला की ते पहिलं हेच म्हणायचे, "पयलीं तंगूस बदल मरे, मागीर उलय" (आधी तंगूस बदल रे, मग बोल). नायलॉन उन्हाने आणि वयाने ठिसूळ होतो. गाठ मारून ओढलात की कळेल, जुना तंगूस गाठीपाशी कुरकुरीत तुटतो. जुना सगळा काढून बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका, नदीत किंवा वाळूत नाही, पक्ष्यांच्या आणि कासवांच्या पायांत तो अडकतो.

नवा घेताना साधा नायलॉनचाच घ्या, वेणीचा ब्रेड नको. ब्रेड बारीक आणि ताकदवान असतो हे खरं, पण जुन्या धातूच्या कड्यांत तो चर पाडतो, गुळगुळीत स्पूलवर घसरतो आणि नायलॉनसारखा ताणत नसल्यामुळे सगळा झटका जुन्या दात्यांवर येतो. स्पूलवर किती मावतं ते लिहिलेलं असतं, अमेरिकन रीलवर यार्ड आणि पाउंडात, युरोपियन आणि जपानीवर मिलिमीटर जाडी आणि मीटरमध्ये. स्पिनिंग रीलचं स्पूल काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील एवढं भरा. कमी भरलं तर लांब जात नाही, जास्त भरलं तर वेटोळी एकदम सुटतात. भरताना तंगूस ओल्या फडक्यातून, दाबून, कोणालातरी नव्या तंगुसाचं रिळ धरायला सांगून.

जुन्या डबीतले गळ गंजलेले असतील तर तेही टाका. शिसं वापरता येतं, पण हाताळल्यावर हात धुवायचे आणि फट असलेली शिशाची गोळी दाताने दाबायची नाही. सगळे दाबतात, पक्कड घ्या.

जोडी जमवायची कशी

साधा हिशोब: रॉडवरचा पाउंडाचा आकडा, रीलवरचा तंगुसाचा आकडा आणि तुम्ही भरलेला तंगूस, तिन्ही एका पट्ट्यात हवेत. काकांचा रॉड आणि मामांचं रील दोन्ही उत्तम असून एकमेकांना लागत नाहीत असं होऊ शकतं. रील रॉडच्या खोबणीत घट्ट बसायला हवं, जुन्या रीलचा पाय कधी लांब असतो, तो कानस मारून कापू नका, दुसरा रॉड शोधा.

माझ्या मते आपल्याकडे असं लागतं: भरीव आखूड रॉड आणि पेनसारखं मल्टिप्लायर, होडीतून तांबोशी, गोब्रा. सहा-सात फुटी पोकळ फायबरग्लास आणि मिशेल ३०० च्या आकाराचं स्पिनिंग रील, मांडवी, शापोरा, तेरेखोलच्या काठावरून काळुंद्र, लहान तांबोशी, जिवंत सुंगट (कोळंबी) लावून चणकसुद्धा (जिताडा), पण मोठी चणक लागली तर ड्रॅगवर विश्वास ठेवून खेळवायची, ओढाओढ करायची नाही. दहा-बारा फुटी टेलिस्कोपिक, वाळूच्या किनाऱ्यावरून लाटेपलीकडे फेकायला.

पहिल्यांदा बाहेर काढताना

पहिली फेक पाण्यात नको. कापणी झालेल्या शेतात नाहीतर रिकाम्या मैदानात जा, गळ न लावता नुसतं शिसं बांधा, मागे कोणी नाही ना बघा आणि अर्ध्या जोरात फेकत राहा. रॉड काय सोसतो, कमान मध्येच बंद होते का, तंगूस कुठे अडतो, हे सगळं तिथे कळतं.

मग नदीकाठ, भरती लागल्यावर, सपाट आणि पाय घसरणार नाही अशी जागा बघून. फेरीच्या धक्क्यावर फेरी लागताना तंगूस वर घ्या. मानशीवर (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) गरवायच्या आधी विचारा, कारण तिथली मासेमारी पावणीने (लिलावाने) दिलेली असते. चोडणला पक्षी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. सांगट (शिंगाळा मासा) लागलं तर हाताने धरू नका, काटा विषारी असतो, पक्कडीने सोडवा. बोटाएवढी पिल्लं परत पाण्यात.

घरी आल्यावर

हे केलं नाही तर वरची सगळी मेहनत वाया. ड्रॅग आधी आवळा म्हणजे आत पाणी जाणार नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार रीलवरून आणि कड्यांवरून सोडा. बादलीत बुडवू नका, नळीचा जोरदार फवाराही नको, त्याने मीठ आत ढकललं जातं. पुसा, सावलीत वाळवा, आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, हे शेवटचं विसरलात तर चकत्या पुन्हा चिकटतील. ओला रॉड पिशवीत घालू नका, बुचाच्या मुठीला बुरशी धरते. बांबूचा रॉड भिंतीला टेकवून ठेवलात तर वाकतो, आडवा ठेवा नाहीतर टांगा. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत काहीच सोडू नका, तिथल्या उष्णतेने जुने गोंद सुटतात. दर पावसाळ्यात एकदा उघडून ग्रीस बदला, ज्या दिवशी बदललं ती तारीख कागदावर लिहून रीलच्या पिशवीत टाका.